साडेबावीस इंच

देवानं या जगात जे जे म्हणून घडवलं ते सगळं त्यानं अंदाजानं घडवलं आहे, आणि ते नीट मोजून घ्यायचं काम मात्र आपल्यावर टाकून तो मोकळा झाला आहे, अशी मनापासून समजूत असलेला एकच माणूस मला आयुष्यात भेटला, आणि तो नेमका माझा घरमालक निघाला. तीस वर्षं त्यांनी सरकारी नोकरीत जमिनी मोजल्या होत्या. सरकारनं त्यांना घरी बसवलं तरी मोजणीनं काही त्यांना सोडलं नाही. सगळी आळी त्यांना काकाजी म्हणायची, म्हणून आम्हीही काकाजीच म्हणू लागलो. काकाजी सकाळी उठले की आधी ओट्यावरची सावली मोजत, मग तोंड धूत. लग्नाच्या पंगतीत बसले की दोन पत्रावळींमधलं अंतर वितीनं बघत आणि कमी भरलं तर शेजारच्याला सरकायला लावत, मग तो वरबाप का असेना. काकू म्हणायच्या, "आमच्या लग्नात अंतरपाट दूर झाला तं दुसऱ्या कोन्या बी नवरदेवानं नवरीचं तोंड पाह्यलं असतं. यायनं माही उंची पाह्यली. चार फूट दहा, असं पुटपुटले बी."

मी मूळचा कोकणातला. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. मामेभावाच्या ओळखीनं इकडे कापसातली सरकी काढायच्या जिनिंगमध्ये इंजिनाला तेल घालायचं काम मिळालं तेव्हा माझ्याजवळ एक चिठ्ठी होती आणि तिच्यावर 'जळगाव' एवढंच लिहिलेलं होतं. त्यामुळे मी बायकोला घेऊन खानदेशातल्या जळगावला उतरलो आणि सबंध दिवस आमच्या जिनाचा पत्ता विचारत फिरलो. जळगाव जामोद नावाचं आणखी एक गाव सातपुड्याच्या पायथ्याशी आहे हे मला एका हमालानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी धुळीनं माखलेले आम्ही दोघं काकाजींच्या ओट्यासमोर उभे राहिलो आणि ही हकीकत सांगितली, तेव्हा ते जागा आहे की नाही हे सांगायच्या आधी म्हणाले, "नुस्तं नाव घेऊन निघाला? तालुका नाही, जिल्हा नाही, चतुःसीमा नाही? अबे, इतक्यावर तं मी कोनाची विहीर बी मोजली नसती." मग खोली दाखवली. दाखवता दाखवता माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहून म्हणाले, "तू पाच फूट पाच. चौकट पाच फूट तीन. वाकत जा." मी वाकायचं विसरत असे आणि रोज डोकं आपटत असे, आणि आतून त्यांचा आवाज येई, "दोन इंच!" पण त्याच दिवशी काकूंनी ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी पाठवली होती. घर सोडल्यावर चौथ्या दिवशी पोटात गेलेलं ते पहिलं गरम अन्न. ते मी विसरलेलो नाही.

त्यांचं पाऊल बरोबर तीस इंचाचं पडे, असा त्यांचा दावा होता. बाजाराच्या दिवशी ते पावलं मोजत निघत. वाटेत कोणी "रामराम काकाजी" म्हटलं तर उत्तर देत नसत, कारण आकडा चुकला असता. एकदा एका नव्या मास्तरांनी त्यांना अडवून तब्येत विचारली. काकाजींनी कपाळाला हात लावला, मुकाट्यानं मागे वळले, घरापर्यंत गेले आणि पहिल्या पावलापासून पुन्हा सुरू झाले. मास्तरांना वाटलं, म्हाताऱ्याला आपला राग आला. नवीन मीटरची मापं तेव्हा नुकतीच आली होती आणि दुकानादुकानांतून तक्ते लागले होते. काकाजी ते तक्ते वाचायचे आणि तुच्छतेनं मान हलवायचे. त्यांची खरी भक्ती जुन्या साखळीवर. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा भाग, आणि त्या एकेका भागाला आणा म्हणत. म्हणजे एक आणा दोन फूट पाऊण इंचाचा. ते माझ्याकडे पाहून म्हणत, "तू अडीच आने तीन इंच मानूस," आणि यात अपमान काहीच नसे, नुसतं माप असे.

कापसाच्या हंगामात आमची कुंदा जन्मली. आमची ती दुसरी. पहिला मुलगा कोकणात झाला होता. गुटगुटीत, लांबलचक, आल्यागेल्यानं "केवढा वाढला हो!" म्हणावं असा. तो आठव्या महिन्यात दोन दिवसांच्या तापानं गेला. गाव सोडण्याचं एक कारण तेही होतं. म्हणून बाराव्या दिवशी काकाजी सुताराकडून करवून घेतलेला एक पाट बगलेत मारून आमच्या दारात उभे राहिले तेव्हा माझ्या बायकोचा चेहरा पांढराफटक झाला. पाटाला डोक्याकडे एक आडवी फळी पक्की ठोकलेली, पायाकडे एक सरकती फळी आणि कडेला इंचांच्या खुणा. "तीस वर्षं जमीन मोजली," काकाजी म्हणाले. "जमीन वाढत नाही, बापू. आज मोजा, शंभर वर्सानं मोजा, तितकीच. वाढनारी चीज एकडाव मोजून पाहाची होती. आमाले तं लेकरू झालं नाही." हे शेवटचं वाक्य त्यांनी इतक्या सहज म्हटलं की नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही. माझ्या बायकोनं आत गेल्यावर हळूच सांगितलं, "आमच्याकडे माप मेलेल्याचं घेतात." मी म्हटलं, "अगं, ते घरमालक आहेत." यापेक्षा चांगलं उत्तर मला सुचलं नाही.

मग दर पौर्णिमेला सकाळी हा सोहळा होऊ लागला. काकू डोकं धरीत, मी पाय धरी, आणि काकाजी चष्मा कपाळावर चढवून, जमिनीला गाल टेकवून खूण वाचत. वाचलेला आकडा मोठ्यानं म्हणत, मी तो परत म्हणायचा, मग ते वहीत लिहीत. जमिनीच्या मोजणीची जुनी वही होती ती. कुंदाला त्यांनी सर्व्हे नंबर एक दिला होता. "पोरीले भाकरीसारखी काऊन थापून राह्यले त्या पाटावर?" असं काकू दर खेपेला म्हणायच्या आणि दर खेपेला डोकंही मायेनं धरायच्या. कुंदा एक आणा भरली की आळीत पेढे वाटायचे असं काकाजींनी जाहीर केलं होतं, आणि ओट्यावर येणाऱ्या प्रत्येकाला ते आणखी किती इंच राहिले ते ऐकवत.

दुसऱ्या पौर्णिमेनंतर माझी बायको मला म्हणाली, "पुरती दाखवू नका हो तिला. आळीभर आकडा सांगत फिरतात ते. थोडी झाकून ठेवा." पहिल्याच्या वेळी आपण झाकलं नाही, हे तिनं म्हटलं नाही, पण मला ऐकू आलं. आणि पाय माझ्याच हातात असत. तिसऱ्या पौर्णिमेला मी कुंदाचे गुडघे अगदी थोडे वाकवून धरले. वरून दुपटं होतं. काकाजींनी वाचलं, "साडेएकवीस." मला ठाऊक होतं, आदल्या संध्याकाळी मी तिला त्याच पाटावर एकट्यानं ठेवून पाहिलं होतं. ती साडेबावीस होती. एक इंच मी लपवला. शेतकरी मोजणीदारापासून बांध लपवतो तसा. काकाजींचं सगळं आयुष्य असले लपवलेले बांध शोधण्यात गेलं होतं, पण माझ्यावर त्यांचा संशय गेला नाही. ते फक्त म्हणाले, "जराशी कमीच वाटून राह्यली."

ते ऐकून मी दुसऱ्याच बाजूनं घाबरलो. मूल अशक्त म्हणतील, आईला नावं ठेवतील. म्हणून चौथ्या महिन्यात मी गुडघे अर्धेच वाकवले. बावीस. पाचव्यात सरळ धरले. साडेबावीस. काकाजी खूश. "पाह्य, वाढून राह्यली!" आणि लाज वाटते, पण मीही खूश झालो, जणू माझ्या हातांनीच मी तिला वाढवत होतो. तिसऱ्या महिन्यात साडेबावीस असलेली पोर पाचव्या महिन्यात साडेबावीसच आहे, हा हिशेब सातवी नापासालाही येतो. मला तो येत होता. मला तो करायचा नव्हता. शिवाय कुंदा किती गुणी! रडत नसे, दूध मागत नसे, ठेवली तिथे निजलेली असे. आवाज काढलाच तर घोगरा, पुटपुटल्यासारखा. जीभ थोडी ओठांबाहेर ठेवी. हातपाय उन्हाळ्यातसुद्धा गार. आळीतल्या बायका म्हणत, "मोठी समजदार पोट्टी हाय हो, मायले तरास नाही." गावातल्या डॉक्टरांनीही एकदा पाहून, मूल शांत आहे, नशीब समजा, असं म्हटलं होतं. आम्ही नशीबच समजत होतो.

सहाव्या पौर्णिमेला साडेबावीस. सातव्याला साडेबावीस. काकाजींनी तीन वेळा वाचलं. पण त्यांचा पहिला संशय पोरीवर गेला नाही, मापावर गेला. ऐन पावसाळा, लाकूड फुगलं असेल, म्हणून त्यांनी पाट चुलीजवळ तीन दिवस वाळवला आणि आपल्या जुन्या लोखंडी पट्टीवर तपासला. पाट बरोबर होता. मग पट्टीच खोटी असेल म्हणून ती तपासायला जुन्या कचेरीत जाऊन आले. पट्टी बरोबर होती. तेव्हा त्यांनी ठरवलं की आळीतली सगळी तान्ही पोरं मोजायची, म्हणजे चूक मापात आहे की काय ते कळेल. पुढचे पंधरा दिवस आमच्या आळीत जे चाललं ते पाहून हसावं की रडावं कळेना. बगलेत पाट, खिशात खडीसाखर, असे काकाजी दारोदार. एका सासूनं त्यांच्या अंगावर भांड्याचं पाणी फेकलं. "जित्या लेकराचं माप घेते का बुढा? तुह्यावाली तिरडी मोज!" काकाजी धोतर पिळत उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, नातवाले अंगात आंगडं नाही होत ना आता? मले एवढंच सांग. आंगडं तोकडं झालं का?" ती म्हणाली, "झालं तं! दोन शिवले नवे." काकाजींनी ते लिहून घेतलं. कुणी मोजू दिलं, कुणी नाही. जिथे नाही तिथे त्यांनी आंगडी, टोपडी, पाळण्यात पाय कुठवर पोचतात ते विचारलं. आठव्या पौर्णिमेला कुंदा पुन्हा साडेबावीसच भरली, आणि दुसऱ्या दिवशी काकाजींनी पुन्हा तीच फेरी काढली. आठ पोरं. आठही वाढली होती.

त्या सकाळी ते ओट्यावर बसले आणि सावली मोजली नाही. मी जिनाला निघालो तर म्हणाले, "बस." मी बसलो. "माप बराबर हाय," ते म्हणाले. वही मिटली. मग म्हणाले, "जमीन नाही वाढत हे मले मालूम होतं बे. पोरगी काऊन नाही वाढत?"

अकोल्याला मुलांचे एक मोठे डॉक्टर होते. जायचं काकाजींनीच ठरवलं, नांदुऱ्यापर्यंत मोटार आणि पुढे आगगाडी. बायको, कुंदा, मी, आणि वही छातीशी धरून ते. डॉक्टरांनी कुंदाला उलटंसुलटं पाहिलं, जीभ पाहिली, बेंबी पाहिली, आणि एकदम सावध झाले. काकाजींनी वही उघडून पुढे केली. डॉक्टरांनी पानं उलटली. "हे कोणी ठेवलं?"

"मी. मोजनीत होतो."

"फार उत्तम ठेवलंय. म्हणजे वाढ तीनच महिने थांबलेली दिसते. तिसऱ्यापासून पाचव्यापर्यंत तर चांगली एक इंच वाढली आहे." ते कागदावर काही लिहायला लागले. तेवढ्यावर मी गप्प बसू शकलो असतो. काकाजी माझ्या शेजारी ताठ बसले होते, त्यांच्या वहीची एवढी तारीफ त्यांच्या साहेबांनीही कधी केली नसेल.

मी म्हटलं, "खोटं आहे ते."

डॉक्टरांनी पेन थांबवलं. मी सांगितलं. गुडघे, दुपटं, एक इंच, अर्धा इंच. सांगताना मी कोणाकडे पाहिलं नाही, भिंतीवरच्या एका दिनदर्शिकेकडे पाहत होतो. "म्हणजे तिसऱ्या महिन्यापासून," डॉक्टर हळू म्हणाले. मग त्यांनी समजावून सांगितलं. गळ्यात एक ग्रंथी असते, तिचा रस अंगात उतरला तर मूल वाढतं. हिची ग्रंथी काम करत नाही. रोज गोळी द्यायची, दुधात कुस्करून, एक दिवसही न चुकवता, जन्मभर. "उंची येईल," ते म्हणाले. "डोक्याचं मात्र सांगता येत नाही. जेवढे महिने गेले तेवढे गेले." माझ्या बायकोनं पदर तोंडात धरला. पहिल्याच वेळी आकडा थांबलेला दिसला असता तर काकाजींनी तिला पाचव्या महिन्यातच इथे आणलं असतं.

गाडीत काकाजी वही मांडीवर मिटून बसले होते. बायकोनं मला एकदाच विचारलं, "मी म्हटलं म्हणून ना?" मी म्हटलं, "नाही. पाय माझ्या हातात होते." नांदुऱ्याला मोटारीची वाट पाहत चहा घेताना मी वाट बघत होतो की आता ते खोली सोडायला सांगतील. मनात सामान बांधूनही झालं होतं. कुठे जायचं ते मात्र सुचत नव्हतं. काकाजींनी बशीतला चहा संपवला आणि विचारलं, "पाय कोन धरत होतं?"

"मी."

"मोजत कोन होतं?"

"तुम्ही."

"साखळीचं दुसरं टोक धरनारा मानूस ढिला धरत असंन, तं ते कोनी पाहाचं?" त्यांनी बशी खाली ठेवली. "मोजनाऱ्यानं पाहाचं. तीस वर्सं शिपायाले शिकवलं, अन् घरी आल्यावर मीच इसरलो. दुपटं काढून पाहाले पाह्यजे होतं." एवढं बोलून ते उठले आणि मोटारीच्या दिशेनं चालू लागले. पावलं मोजत होते की नाही ते मला पाठमोरं कळलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी वही काढली. मोजणीच्या वहीत खाडाखोड चालत नाही. चुकलेल्या आकड्यावर एक आडवी रेघ मारायची, शेजारी खरा आकडा लिहायचा, चुकीचं कारण लिहायचं आणि सही करायची. त्यांनी दोन आकड्यांवर रेघ मारली, दोन्ही ठिकाणी साडेबावीस लिहिलं, आणि कारण लिहिलं : 'पायाकडील बाजू तपासली नाही. चूक मोजणाराची.' खाली सही केली. मी त्यांना म्हटलं, "काकाजी, असं नका लिहू." ते म्हणाले, "वही माही हाय."

गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांत, एका भर दुपारी, कुंदानं पहिल्यांदा भोकाड पसरलं. जिनातून येताना मला ते आळीच्या तोंडाशीच ऐकू आलं. मी धावत आलो तर माझी बायको पोरीला पोटाशी धरून स्वतःच रडत होती आणि काकू म्हणत होत्या, "रडू दे वं, रडू दे, दहा महिन्याचं राह्यलं हाय तिचं." कुंदा एक आणा भरली ती वर्षाची होऊन गेल्यावर. पेढे वाटले. पाणी फेकणाऱ्या सासूनं दोन घेतले. पण त्या दिवशी काकाजी गंभीर होते, कारण त्यांना तोवर कळून चुकलं होतं की इंच आता त्यांचं ऐकत आहेत आणि बाकीचं ऐकत नाही. शेजारची पोरं पळायला लागली, कुंदा बसायला शिकत होती. ती पोरं बोलायला लागली, कुंदा नुसती बघत होती. काकाजींनी वहीत नवे रकाने आखले. 'हाक मारली तर पाहते.' 'काकूले ओळखते.' त्या रकान्यांत काय लिहायचं हे त्यांना नीट कळत नसे. "याले माप नाही," असं ते एकदा चिडून म्हणाले आणि रकाना रिकामाच ठेवला.

तिला तीन वर्षं पूर्ण झाल्यावर एका सकाळी कुंदा आमच्या चौकटीला धरून उभी होती. काकाजी समोरच्या ओट्यावर बसले होते. तिनं चौकट सोडली. एक पाऊल टाकलं, डुलली, दुसरं टाकलं. माझी बायको पुढे झाली, मी तिचा दंड धरून ठेवला. कुंदा अख्खं अंगण ओलांडून गेली आणि काकाजींच्या गुडघ्यावर जाऊन आपटली. काकू आतून धावत आल्या. "चालली? खरंच? किती पावलं चालली हो?" काकाजींनी तिला उचलून धरलं होतं. त्यांचा चष्मा कपाळावर होता. "मले काय मालूम," ते म्हणाले. "मी पाहून राह्यलो होतो."

परवाच्या हिवाळ्यात काकाजी गेले. आजारपण चार दिवसांचं. तिसऱ्या दिवशी मला जवळ बोलावून त्यांनी एकच विचारलं, "गोळ्या किती दिवसायच्या हायेत घरात?" मी म्हटलं, महिन्याच्या. "मंग आनखी आनून ठेव," म्हणाले. आम्ही कोकणात परत गेलो नाही. जायचं म्हटलं की अकोल्याचे डॉक्टर आठवतात, आणि खरं सांगायचं तर दुसरंही बरंच आठवतं. कुंदा आता माझ्या खांद्याला लागते. दुसरीच्या वर्गात दुसऱ्यांदा बसते आहे. विसाच्या पुढे आकडे आले की हसते आणि सोडून देते. बोलते मात्र अस्सल इकडचं, आम्हा दोघांसारखं नाही. काकूंना पाणी भरून देते, आणि देता देता अर्धी घागर सांडते.

काकाजी गेल्यावर कितीतरी दिवस ती त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायची. एकदा मला तिनं विचारलं, "बाबा, काकाजी काऊन नाही येऊन राह्यले?" आळीतल्या बायकांनी तिला सांगितलं होतं की ते दूर मोजणीला गेले आहेत. मलाही तेच सांगता आलं असतं. पण या पोरीच्या बाबतीत खोटं सांगायची माझी आता छाती होत नाही. मी म्हटलं, "ते आता यायचे नाहीत, कुंदा. वारले ते."

तिला विचार करायला वेळ लागतो. मी थांबलो. जिनाचा भोंगा झाला तरी मी उठलो नाही. बऱ्याच वेळानं तिनं मान वर केली आणि म्हणाली, "मंग आपनच जाऊ त्यायच्याकडे."

"जाऊ," मी म्हटलं. "आधी तू मोठी हो."